सातवा ठोका

सुरतच्या डिंडोलीत मला तोंडावर हिलालनाना म्हणतात, पाठीमागे गप्पीदास. म्हणू देत. चाळीस वर्षं लूमवर काढली. शंभर माग एकदम धडधडत असले तरी कुठला धोटा चुकतोय, ते मी डोळे मिटून सांगायचो. एकदा तर भेस्तानच्या मागाची चूक मला पांडेसऱ्यात ऐकू आली होती. पण ते राहू द्या.

माझा नातू उखर्डू काळजाला भोक घेऊन जन्मला. नाव मुद्दाम तसं ठेवलं, उकिरड्यावरच्या पोराकडे यम वळून बघत नाही. छातीला कान लावला की कळायचं, सहा ठोके सरळ, सातवा गायब. शेजारच्या विशाखाच्या लेकीला, मैत्रीलाही तोच आजार, फक्त तिचे ठोके बारीक, घाईचे. वजन पाच किलो झाल्याशिवाय ऑपरेशन नाही. तोवर दोघांनी तगायचं.

इस्पितळात नव्या औषधाची चाचणी चालली होती. डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या, "नेहमीचं औषध सगळ्यांनाच. वर ही बाटली. अर्ध्या बाळांच्या बाटलीत नवं औषध, अर्ध्यांच्यात नुसता गोड पाक. कुणाला काय, मलाही ठाऊक नाही."

दोघी आयांनी सह्या केल्या, पण घरी येताच बाटल्या समोर ठेवून एकमेकींकडे बघेनात.

"तुझी खरी निघाली तर?" विशाखा म्हणाली.

"आणि तुझी निघाली तर?" उखर्डूची आई, आमची उज्ज्वला म्हणाली.

आमच्या चाळीत विरजणसुद्धा वाटून घेतात. मी पातेली ओढली, दोन्ही बाटल्या ओतल्या, चमच्यानं ढवळल्या, परत अर्ध्या-अर्ध्या भरल्या.

"नाना, हाई बरं नही," उज्ज्वला म्हणाली. पण बाटली तिनं घेतली.

चमचा मी चाटून टाकला. गोड होता.

दर महिन्याला असंच. डॉक्टरीणबाईंना कुणी सांगितलं नाही. चौथ्या महिन्यापासून एक पोर दचकलं की भिंतीपलीकडचं दुसरं रडायचं.

"योगायोग," विशाखा म्हणायची. मी गप्प. मी गप्प बसलो की चाळ घाबरते.

उखर्डू आधी पाच किलोचा झाला. ऑपरेशनच्या सकाळी आमचे सगळे इस्पितळात, मी मैत्रीला घेऊन विशाखाच्या ओट्यावर. अकरा वाजून दहा मिनिटांनी मैत्रीच्या छातीत दोन काळजं चालू झाली. एक तिचं, बारीक. दुसरं सहा ठोके सरळ, सातवा गायब.

"विशाखा, इकडे ये."

तिनं कान लावला आणि झटकन मागे सरली. "कोण आहे आत?"

अकरा पन्नासला ते दुसरं थांबलं. बाराला उज्ज्वलाचा फोन आला. पोर ठीक आहे, अकरा दहाला काळीज थांबवलं होतं, चाळीस मिनिटं यंत्रावर होता.

उखर्डू घरी आला. सातही ठोके सरळ, वीण घट्ट. विशाखानं स्वतः कान लावून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"नाना, याचं भोक बुजलं, याच्यात आता जागाच नाही. मैत्रीचं थांबवतील, तेव्हा ती कुठं जाईल?"



मैत्रीचेही पाच किलो भरले, गुरुवारी तिला ऑपरेशनला आत नेलं. मी घरी, उखर्डूच्या छातीला कान लावून. दहा वाजले, साडेदहा वाजले. त्याचे सात ठोके, बस्स. पोर माझ्या मिशा ओढून हसत होतं. मी पुन्हा पुन्हा कान लावत होतो, जणू हरवलेली पोर तिथंच कुठं दडली असेल.

मग माझीच बंडी हलायला लागली.

माझं म्हातारं काळीज सावकाश चालत होतं आणि त्याच्या आत दुसरं, बारीक, घाईचं. तेव्हा मला तो चमचा आठवला. मी भिंतीला टेकून बसलो, छाती दोन्ही हातांनी धरली. "राहा बाई," म्हटलं, "हवं तेवढं राहा."

फोन आला तेव्हा ती माझ्या छातीतून निघून गेली होती. पोर ठीक आहे.

दोघं आता ओट्यावर रांगतात, भांडतात. डॉक्टरीणबाईंना मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, दोघांची नावं चाचणीतून खोडली, मला खूप बोलल्या. मग काय वाटलं कोण जाणे, माझ्या छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकत राहिल्या.

"काका, हे कधीपासून? तुमचा सातवा ठोका चुकतोय."