पांगलेला थवा

मानसीने मांस खाणं सोडलं, तेव्हा अकरा वर्षांच्या मुलीचं खूळ म्हणून तिच्या बाबाने, हृषिकेशने, ते हसण्यावारी नेलं. मेधाला मात्र ते जमेना. कारण तिच्या ताटातल्या चिकनकडे बघत मानसी शांतपणे म्हणाली होती, "आई, यू जस्ट पे समवन एल्स टू किल इट."

मेधा दक्षिण गोलार्धातल्या त्या लहानशा बेटावरच्या चीजच्या कारखान्यात जंतूंच्या तपासण्या करायची. करून बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, ही तिची जुनी सवय. ती म्हणाली, "एकदा स्वतः करून बघते. नाही जमलं तर मीही सोडेन."

"ओके. पण घरी येऊन सगळं सांगायचं. नो स्किपिंग."

"नो स्किपिंग," मेधाने कबूल केलं.

मग बेटावरच्या रानटी टर्की पक्ष्यांच्या शिकारीसाठी तिने बंदुकीचा कोर्स केला, लायसन्स काढलं. हृषिकेशला करमणूकच झाली. "पुण्यात झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायचीस. टर्की आली तर झाडावर चढशील."

शिकवायला तयार झाला तो सिद्धार्थ, बेटावरचा गुरांचा डॉक्टर, मूळचा अमरावतीचा. कधीकाळी पाळीव थव्यांतून सुटून रानटी झालेल्या टर्की इथे कुरणाकुरणांतून हिंडत. सिद्धार्थ दर वर्षी एखादी आणायचा.

"आणि पंचशील?" मेधाने जाताना गाडीत विचारलं.

"दर रविवारी म्हणतो, ताई, आणि दर रविवारी जीव न घेण्याच्या पहिल्याच ओळीला अडखळतो." तो हसला नाही.

एप्रिल संपत आला होता, म्हणजे इथला शरद. गवतावर दव होतं आणि समुद्राकडून गार वारा येत होता. ज्याचं कुरण, त्या शेतकऱ्याची परवानगी काढलेली होती. उतारावर थवा चरत होता. एक मोठी मादी आणि या वर्षीची तिची पिल्लं, उंचीने जवळजवळ तिच्याएवढीच.

"शरदात असंच असतं, आई आणि पोरं एकत्र," सिद्धार्थ कुजबुजला. "यांच्यावर लपतछपत जाता येत नाही, नजर फार तिखट. आधी थवा पांगवायचा. मग तिथेच बसायचं आणि बोलवायचं."

स्वतःची बंदूक रिकामी करून त्याने मेधापाशी ठेवली आणि कबड्डीत चढाईला निघावं तसा हात पसरून ओरडत थव्यात घुसला. पक्षी चहूबाजूंनी उडाले, धडपडत टी-ट्रीच्या झाडीत शिरले. धापा टाकत परत येऊन त्याने मेधाला एका रुंद खोडाला टेकून बसवलं. "हलायचं नाही. पिसांवरची चमक दिसेल इतकं जवळ आलं आणि मान ताठ केली, तरच. शंका आली तर सोडून द्यायचं."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग झाडीतून एक बारीक, चिरकी शीळ आली. दुसरीकडून आणखी एक.

सिद्धार्थने खिशातून लाकडाची लहान डबी काढून तिच्या हातात दिली. झाकण कडेवर घासलं की आवाज निघे. "सलग घासा. पोरं हरवलीत. हा त्यांच्या आईचा आवाज."

मेधाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर कुरणाकडे वळवली.

तिने झाकण घासलं. शीळ थांबली, मग अगदी जवळून आली. एक तरुण नर झाडीतून बाहेर पडला. तो दबकत आला नाही, धावत आला. तिने डबी खाली ठेवून बंदूक उचलली, तसा तो थबकला आणि मान ताठ करून आई कुठे आहे ते शोधू लागला.

मेधाने चाप ओढला.

पक्षी जागेवरच कोसळला. पंख फडफडत राहिले. "गेलाय तो, ताई. हे नुसते स्नायू," सिद्धार्थ म्हणाला. तिला ते माहीत होतं. तरी फडफड थांबेपर्यंत ती त्याच्या ऊबदार छातीवर हात ठेवून बसली.

तेवढ्यात वरच्या अंगाने खरी मादी साद घालू लागली.

"चला," सिद्धार्थ हळूच म्हणाला. "बाकीच्यांना जमू दे."

घरी मानसी मागच्या पायरीवर वाट बघत बसली होती. पक्षी बादलीतल्या गरम पाण्यात बुडवून मेधा पिसं उपटू लागली आणि सांगू लागली: दव, थवा, सिद्धार्थची धाव, एकच गोळी. त्याला काही कळलंही नसेल, असं म्हणून ती थांबली.

"तो इतक्या जवळ आला कसा?" मानसीने विचारलं.

नशिबाने आला, असं म्हणता आलं असतं. हृषिकेश तर स्वयंपाकघराच्या दारातून 'नको सांगूस' अशी मान हलवत होता.

"मी त्याला बोलावलं," मेधा म्हणाली. "त्याच्या आईच्या आवाजात. तो हरवला होता, त्याला वाटलं आईच बोलावतेय."

मानसीने खाली पडलेलं एक ओलं पीस उचललं. मग म्हणाली, "दॅट्स मीन, आई."

"हो."

"परत करशील?"

"तसं बोलावून नाही. बाकी अजून माहीत नाही."

संध्याकाळी हृषिकेशने कांदा-खोबरं भाजून रस्सा केला. मांस चिवट होतं, शिजायला वेळ लागला. मानसीने स्वतःसाठी वरणभात वाढून घेतला. गेले काही महिने मांस असलं की ती ताट घेऊन खोलीत जायची. आज आईच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

"मी नाही खाणार," ती म्हणाली.

"नको खाऊस."

"पण तू काहीच टाकायचं नाही. सगळं खायचं."

मेधाने मान हलवली आणि पहिला घास घेतला. मानसी जेवता जेवता मधूनमधून तिच्या ताटाकडे बघत होती. मेधाने शेवटचं हाड साफ करून बाजूला ठेवलं, तेव्हाच मानसी हात धुवायला उठली.