तिसरी बहीण

"वहिनी, पुन्हा एकदा. मंजुळाबाई तुमच्या घरी कोण म्हणून यायच्या?"

"यांची मानलेली बहीण म्हणून."

"'म्हणून' कशाला? नुसतं म्हणा, मानलेली बहीण. आणि थांबा. गप्प बसणारा साक्षीदार म्हणजे सोनं हो!"

आनंदीबाईंनी मेथीची जुडी पुढ्यात ओढली. "भावजी, गप्पच बसायचं तर मला नेता कशाला?"

बाबुराव हसले, पण चहा घशात अडकल्यासारखे. ते हेमचंद्र कारखानीसांचे कॉलेजपासूनचे मित्र आणि सध्या त्यांचे वकील. वकिलालाही वकील लागतो, ही माहिती आनंदीबाईंना इतक्या वर्षांच्या संसारात नवीनच होती. खुद्द कारखानीस गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. अर्धा तास तेच पान उघडं होतं. एरवी चहा संपायच्या आत ते शेवटच्या पानावरच्या क्रिकेटपर्यंत पोचत.

प्रकरण साधं नव्हतं. मंजुळेने वकिलांच्या शिस्त समितीकडे तक्रार केली होती, की कारखानीस वकिलांनी माझ्याशी संबंध ठेवले, आणि ते तुटल्यावर माझ्या केसच्या तारखेला ते उभेच राहिले नाहीत. त्यात माझी घोडपदेवची खोली दिराच्या घशात गेली. हे शाबीत झालं तर कारखानिसांची सनद जाणार होती, आणि त्या घरात सनदीखेरीज कमावतं दुसरं कोणी नव्हतं. बचाव एकच: बाई मानलेली बहीण आहे. पुरावा म्हणून भाऊबिजेचा फोटो. आणि साक्षीला घरची लक्ष्मी.

"उद्या दहाला निघू," बाबुराव उठले. "वहिनी, घाबरू नका हं. सगळं तुमच्यावर आहे."

धीर द्यायची ही पद्धत आनंदीबाईंच्या पसंतीस उतरली नाही.

मंजुळा पहिल्यांदा आली ती गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा गिरगावातल्या त्या गॅलरीत रोज गिरणीवाले बसलेले असायचे. कोणाला मालकाची नोटीस, कोणाला घरमालकाची. हिचं दुखणं निराळं. नवरा शिवा विणकाम खात्यात होता. संपात मालवणकडे गावी गेला आणि तिथेच दुसरीबरोबर राहिला. इथे खोली त्याच्या नावावर, आणि दीर वहिनीला बाहेर काढायला टपलेला. मंजुळा धक्क्यावर कोळंबी सोलायला जायची. येताना रुमालात सुकवलेल्या कोळंबीचे सोडे बांधून आणायची. कायस्थाच्या घरात सोडे आणणाऱ्या माणसाला कोणी परकं म्हणत नाही. आनंदीबाईंना ती आवडली, उगाच खोटं का बोला! खालच्या मजल्यावरच्या बाईची ती अशी हुबेहूब नक्कल करी, की आनंदीबाई पदर तोंडात कोंबून हसत.

मग एका रविवारी पानावर बांगड्याचं कालवण होतं. कारखानिसांनी पहिला घास घेतला आणि अगदी प्रेमाने विचारलं, "यात ती तिरफळं का गं टाकत नाहीस तू?"

"कुठली ती?"

कारखानीस चावायचे थांबले. "नाही, म्हणजे... कुठेतरी वाचलं."

मालवणी माणसाच्या कालवणातली तिरफळं वाचून कोणाच्या जिभेला लागत नाहीत. आनंदीबाईंनी पुढची पोळी वाढली, तूपही वाढलं. आरडाओरडा करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या हिशेबी होत्या. बुडालेली बाब नुसती रडून भरून येत नाही, ती दुसऱ्या खात्यावर फिरवावी लागते, असं त्यांचं गणित.

दिवाळीत त्यांनी मंजुळेला भाऊबिजेला जेवायला बोलावलं. कारखानिसांच्या दोन्ही बहिणी ओवाळून उठल्या आणि आनंदीबाईंनी ताट सरळ मंजुळेच्या हातात दिलं.

"वयनी, माका नको."

"का गं? एवढं धावतात तुझ्यासाठी, भाऊच नाहीत का ते तुझे?"

दोन्ही नणंदा बघत होत्या. मंजुळेने ताट घेतलं. निरांजनाची वात अशी हलत होती, की जणू कोणी फुंकर घालतंय. कारखानीस पाटावर खाली मान घालून बसले होते. भाच्याने नेमका तेव्हाच फोटो काढला. आनंदीबाईंनी स्वतःच्या हाताने मंजुळेला ओवाळणीचं लुगडं दिलं आणि संशयाच्या खात्यातली बाब नात्याच्या खात्यावर चढवून टाकली.

हिशेब बरोबर आला. त्यानंतर कारखानीस घोडपदेवकडे फिरकले नाहीत. फक्त एका गोष्टीचा अंदाज आनंदीबाईंना आला नव्हता. घाबरलेला पुरुष बाई सोडतो तेव्हा तिची फाईलही सोडतो. ती कपाटात तळाशी गेली. तारीख आली नि गेली.

समितीची खोली फोर्टात होती. उंच छत, लांब टेबल, पलीकडे तीन वकील. एका टोकाला टाइपरायटर घेऊन बसलेली मुलगी. मंजुळा भिंतीलगतच्या बाकावर होती, अंगाने निम्मी झालेली. मांडीवर पिशवी घट्ट धरली होती. खोली गेल्यापासून ती लालबागला मावशीच्या दारात झोपत होती आणि किडूकमिडूक बरोबर घेऊन हिंडत होती.

बाबुरावांनी फोटो पुढे केला. सगळं घोकल्याबरहुकूम झालं. मानलेली बहीण. घरी जेवायला यायची. नणंदांसमक्ष ओवाळलं. आनंदीबाई दर वाक्यानंतर थांबल्या, बाबुराव खूश. कारखानिसांनी त्या दिवसात पहिल्यांदा मान वर केली.

मधे बसलेले अध्यक्ष म्हातारे होते. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"बाई, कारखानिसांना सख्ख्या बहिणी किती?"

"दोन."

"दोघीही हजर होत्या?"

"हो."

"मग ही तिसरी कोणी आणली? त्यांनी की तुम्ही?"

हा प्रश्न पढवलेल्यांत नव्हता. "मी."

"का?"

उत्तर तयार होतं. तिला इथे कोणी नव्हतं, दया आली. दोनच वाक्यं, आणि खोटीही म्हणता आली नसती. बाबुराव ओठ हलवून तेच सांगत होते. आनंदीबाईंनी बाकाकडे पाहिलं. मंजुळा त्यांच्याकडे बघतच नव्हती. साक्ष कोणत्या बाजूला जाणार, हे तिने सकाळीच गृहीत धरलं असावं.

"साहेब, यांनी बांगड्यात तिरफळं मागितली."

टाइपरायटर थांबला. बाजूच्या सभासदाने, बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने बाबुरावांकडे पाहिलं. अध्यक्षांनी मात्र पेन खाली ठेवलं.

"तुमच्याकडे घालत नाहीत?"

"नाही. हिच्याकडे घालतात."

"मग?"

"मग मला भीती वाटली. भाऊ केला की थांबेल, असं वाटलं."

"थांबलं?"

"थांबलं." आनंदीबाईंनी बाकाकडे बोट केलं. "हिची केसपण थांबली."

"सर, तिरफळ कसं लिहू?" मुलीने हळूच विचारलं.

"तिरफळच लिहा," अध्यक्ष म्हणाले.

जिन्यात बाबुरावांना राहवलं नाही. "काय केलंत हे वहिनी! भरल्या पानावरून उठवलंत हो त्याला! उद्यापासून खाणार काय तुम्ही?" आनंदीबाईंनी पदर सारखा केला. गप्प बसण्याची शिकवणी इथे उपयोगी पडली. कारखानीस केव्हाच पुढे निघून गेले होते.

मागून मंजुळा उतरत आली. दोन पायऱ्या वर थांबली.

"वयनी, तुमी खरा कित्याक सांगितलास? तुमचो संसार..."

"तुझी खोली मिळेल का आता?"

मंजुळेने मान हलवली. "हे लोक वकिलाक शिक्षा करतले. खोली तेंच्या हातात नाय." पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन ती आनंदीबाईंना ओलांडून गेली. क्षमा वगैरे काही झाली नाही. होण्यासारखं काही होतं असंही नाही.

सनद तीन वर्षांसाठी निलंबित झाली. आनंदीबाईंनी डबे सुरू केले. गॅस पुरेना म्हणून अडगळीतला स्टोव्ह खाली काढला. कारखानीस त्यांच्यावर एकदाही ओरडले नाहीत; ओरडले असते तर घर जरा हलकं झालं असतं. चाळीत कोणी विचारलं तर म्हणत, "तब्येतीचं कारण. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय." आनंदीबाई हे आतून ऐकत आणि कणीक तिंबत. एकदा साक्ष देऊन झाली होती. नवऱ्याच्या वतीने रोज गॅलरीत देत बसायची त्यांची तयारी नव्हती.

एका सकाळी दत्तू आला. लालबागचा, गिरणीत साचा चालवणारा, त्यांचा जुना पक्षकार. हातात घरमालकाची नोटीस.

"साहेब, वाईच वाचून दाखवा. पोरगा म्हणतो खाली कराय लागल. मी म्हटलं, आमचं साहेब हायत, कोण काढतो बघू."

कारखानिसांचा हात सवयीने पुढे गेला आणि मधेच थांबला. "आता नाही वाचता येणार, दत्तू."

"चष्मा नाय व्हय? मग आधी सांगायचं की!" दत्तूने आपला दोरी बांधलेला चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. "माझा लावा. नंबर सारखाच असल, वय सारखं."

चाळीतल्या दोघीतिघी नळावरून पाणी घेऊन गॅलरीतून येत होत्या, त्या कळशा कठड्यावर टेकवून उभ्या राहिल्या. आता तब्येत निघणार, हे आनंदीबाईंना पाठ होतं.

कारखानिसांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. चष्मा दत्तूच्या सदऱ्याच्या खिशात नीट ठेवून दिला.

"चष्म्याचं नाही रे. मला मनाई आहे."

"कुणाची? डाक्टराची?"

"नाही," कारखानीस म्हणाले. "वकिलांची. बस, सांगतो."

आत भाजी लागायला आली होती. आनंदीबाईंनी स्टोव्हची किल्ली सैल केली. भर्र आवाज बसत बसत बंद झाला, आणि त्या पुढचं ऐकायला दाराशी येऊन उभ्या राहिल्या.