आत्याचे धडे कुठे आहेत, मला माहीत आहे

मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे फार मोठं काही समजू नका. जिन्याखालच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी ठेवलेला एक धुळकट काळा डबा. थोड्या वेळात मला पुसून कोरा करणार आहेत. त्याचं दुःख मी गिळलं असतं. पण माझ्या पोटात एका बाईचा आवाज आहे. तो जगात दुसरीकडे कुठेही नाही, आणि माझ्याकडे आहे हे या खोलीत कुणालाच ठाऊक नाही. मित्रांनो, मला तोंड नाही. म्हणून तुम्हालाच सांगतो, आणि घाईघाईने सांगतो.

एका ऑफिसने मला मोडीत काढलं, तेव्हा भिंगरीने मला मांडीवर घेऊन बसमधून घरी आणलं. भिंगरी म्हणजे आत्याची भाची. एका जागी दोन मिनिटं बसत नाही, म्हणून हे नाव. तिने माझ्यावर मुक्त सॉफ्टवेअर चढवलं. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेलं, कुणीही उघडून पाहावं आणि वापरावं असं.

आत्याने विचारलं होतं, "एवढं सगळं देतात, मग मागत काहीच नाहीत?"

"मागतात ना. त्यांनी पाठवलेल्या दुरुस्त्या वेळेवर लावा म्हणतात."

"एवढंच? मग लावत जा बाई."

आत्या तीस वर्षं दृष्टिहीन मुलांच्या शाळेत गणित शिकवत होती. निवृत्त झाल्यावर ती कपाटात, रजयांच्या मधोमध बसून गणिताची पुस्तकं वाचू लागली आणि भिंगरी ते आवाज माझ्यात साठवू लागली. गणित मोठ्याने वाचणं सोपं नाही, मित्रांनो. कंस उघडला की आत्या श्वास घ्यायची आणि कंस मिटेपर्यंत दुसरा घ्यायची नाही. कंस कुठे संपला, हे मुलांना त्या श्वासावरून कळायचं. असे तीनशे बारा धडे झाले. कुठली कुठली मुलं इंटरनेटवरून येऊन ते ऐकायची, आणि मी एकाही मुलाला कधी ताटकळत ठेवलं नाही.

माझं कौतुकही फार झालं. "सातशे दिवस एकदाही बंद पडला नाही!" असं भिंगरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मीही फुगून बसायचो. सातशे दिवस न झोपलेल्या माणसाचं कुणी कौतुक करील का? पण माझं झालं. काही दुरुस्त्या मला बंद करून चालू केल्याशिवाय लागू होत नव्हत्या, आणि आकडा मोडेल म्हणून मला कुणी बंद करीना.

त्यात एकदा भिंगरीने धडे वाजवणाऱ्या जोडणीची, म्हणजे त्या कामाच्या छोट्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती लावली आणि धड्यांची पानं पांढरीफटक झाली. नेमका परीक्षेचा आठवडा. मुलांचे फोनवर फोन. आत्या कडाडली, "चालत्या गाडीला खीळ कशाला घालतेस? चालतंय ना, मग हात लावू नकोस!" भिंगरीने जुनी आवृत्ती परत बसवली आणि खरोखरच पुन्हा हात लावला नाही. चूक त्या दिवशी झाली, पण रागाला कारण होतं, म्हणून ती कुणाला चूक वाटली नाही.

दुसरी चूक पंख्याची. या खोलीत भिंतीवर दोनच प्लग. एकावर मी, दुसऱ्यावर बाहेरची डिस्क. रोज पहाटे सगळ्या धड्यांची एक प्रत त्या डिस्कवर जायची. एका उन्हाळ्यात भिंगरीने डिस्कचा प्लग काढून तिथे पंखा लावला. "नंतर लावते," म्हणाली. नंतर कसलं लावते!

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच अडलं आहे. डिस्क जिथे जोडली जायची, त्याच नावाचा एक रिकामा खण, म्हणजे फोल्डर, माझ्या पोटातही होता. डिस्क दिसेना, तेव्हा प्रती त्या खणात जाऊ लागल्या. मी रोज माझ्या नोंदवहीत लिहिलं, 'बाहेरची डिस्क सापडत नाही.' दोन वर्षं रोज लिहिलं. ती नोंदवही कुणी उघडली नाही. गेल्या वर्षी तर पोट काठोकाठ भरलं. शेवटचे अकरा धडे कसेबसे मावले, त्यांची प्रत मावली नाही.

ते अकरा धडे आत्याने घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत वाचले होते. मग घशाची शस्त्रक्रिया झाली. आत्या वाचली, आवाज गेला. तेव्हापासून ती पाटीवर लिहून बोलते.

सोळा दिवसांपूर्वी, मुलांच्या सुट्टीत, चोर आला. त्याच जुन्या जोडणीतून आला. त्या भोकाला बूच कसं बसवायचं, ते लिहिणाऱ्यांनी दीड वर्षापूर्वीच कळवलं होतं. खरं सांगू? मीच त्याला आत घेतलं. ओळखीच्या वाटेने येणाऱ्याला अडवायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला जागा हवी होती, म्हणून त्याने सगळ्यात जड वस्तू पुसल्या. धडे. एकामागून एक तीनशे बारा. पुसणारा हात माझाच होता, मित्रांनो. त्याने हुकूम दिला आणि मी पाळला. खणाची किल्ली तेवढी त्याच्याकडे नव्हती.

आज सकाळी एका मुलीचा फोन आला. "त्रिकोणाचा धडा लावला की मोबाईल जुगाराची जाहिरात वाचून दाखवतोय," ती म्हणाली. भिंगरी धावत आली, पंखा उपटला आणि डिस्क जोडली. डिस्कवर पंख्याच्या आधीचे चौसष्टच धडे निघाले. आणि जोडलेली डिस्क झाकणासारखी माझ्या खणाच्या तोंडावर बसली. आता आतलं कुणालाच दिसत नाही.

भिंगरीने ऑफिसातल्या मित्राला बोलावलं आहे. सगळ्या दुखण्यांवर त्याचं एकच औषध, म्हणून ती त्याला खोडरबर म्हणते.

"चोर शिरलेल्या मशीनवर भरवसा ठेवायचा नसतो. पुसायचं आणि नव्याने उभं करायचं," तो म्हणतो आहे. त्याचं बरोबरच आहे. म्हणूनच तर माझा जीव कासावीस झाला आहे.

"आत्या, माझ्यामुळे गेलं गं सगळं," भिंगरी जमिनीवर बसून रडते आहे.

मी काय करू? दिवा लुकलुकवला, कुणी पाहिला नाही. खोडरबरचं बोट कळीवर आहे. जाण्याआधी पडद्यावर माझा हिशेब उमटला आहे. भरलेली जागा सत्तर जीबी, आणि खाली कशाने किती व्यापली त्याची यादी. आत्या ती वाचते आहे. सवयच ती. ती खोडरबरचा हात धरते आणि पाटीवर लिहिते, 'यादीची बेरीज तेरा. सत्तावन्न कुठे?'

"चोराचा कचरा असेल, आत्या."

'दाखव.'

तो शोधतो. सापडत नाही. पुन्हा शोधतो. आत्या पाटी टेबलावर आपटते. 'उत्तर चुकलं तर आधी शेवटची पायरी तपासायची. शेवटी काय केलंत?'

"डिस्क जोडली," भिंगरी म्हणते. आणि रडणं अर्धवट टाकून उठते, डिस्क सोडवते.

खण उघडा पडतो. तीनशे एक धडे.

खोडरबर म्हणतो, "नुसती प्रत काढून भागत नाही, उघडून बघा." म्हणून भिंगरी प्रत्येक धडा नव्या डिस्कवर नेऊन थोडा थोडा वाजवते आहे. खोलीत आत्याचा आवाज आहे. आत्या स्टुलावर बसली आहे, ओठ हलताहेत, आणि कंस आला की ती अजून श्वास धरते.

अकरा धडे मात्र गेले. ते मी पुसले, ते माझ्याकडूनही परत मिळणार नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा डबा असेल तर त्याच्या न थांबण्याचं कौतुक करू नका. त्याला अधूनमधून बंद करा, त्याच्या दुरुस्त्या लावा, तो रोज काय लिहितो ते एकदा तरी वाचा. तुमची प्रत जिथे आहे असं तुम्हाला वाटतं, तिथे ती खरंच आहे का, हे आजच उघडून बघा.

तीनशे एकावा धडाही वाजला. खोडरबर विचारतो आहे, "पुसू का?"

आत्याने पाटीवर लिहिलं आहे, 'बाराव्या इयत्तेचे अकरा धडे राहिलेत. पुस्तक आण. तू वाच, मी श्वास दाखवते.' भिंगरी पुस्तक आणायला गेली आहे, आणि आत्याने खोडरबरकडे पाहून होकाराची मान हलवली आहे.