खालच्या कप्प्यातली पानं

आज सकाळी अकरा वाजता वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ऑनर्सची तोंडी परीक्षा सुरू झाली. परीक्षा देणारी विद्यार्थिनी, तिचे मार्गदर्शक असलेले विभागप्रमुख सर आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, असे तिघे हजर होते. मी चौथा. पण मला कोणी मोजत नाही.

मित्रांनो, मी एक जुना ओव्हन आहे. माझ्यात खाण्याचं काही भाजत नाहीत. माझ्यात पानं आणि मुळं वाळवतात. त्यांच्यातलं पाणी उडून गेलं की उरलेल्याचं वजन करतात, त्यावरून झाड खरोखर किती वाढलं ते कळतं. पत्र्याच्या दुहेरी भिंती, पुढे एक बटण, डोक्यावर थर्मामीटरसाठी भोक, आत दोन कप्पे, एवढाच माझा संसार. मी नवा होतो तेव्हा इथले जुने सर सगळ्यांना सांगायचे, भिंतीवरचं घड्याळ चुकेल, पण हा चुकायचा नाही. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, पत्र्याचा असूनही.

बारा वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे रोज यायची. पिशवीत सदा पानं, म्हणून वर्गातली मुलं तिला पाचोळाबाई म्हणायची. ती ऑनर्सला होती. साध्या विज्ञान पदवीला तीन वर्षं पुरतात. ऑनर्सला चौथं वर्ष लागतं, गुणांची ठरलेली सरासरी लागते, स्वतःच्या प्रयोगावरचा प्रबंध लागतो आणि बाहेरच्या परीक्षकापुढे तो टिकावा लागतो. यातलं एक जरी हुकलं, तरी हातात साधी पदवी पडते.

तिने वर्षभर काही रोपं उन्हात वाढवली, काही सावलीत. मग त्यांची पानं कागदी पाकिटांत भरून माझ्या खालच्या कप्प्यात ठेवली, बटण पासष्ट अंशांवर लावलं आणि दारावर चिठ्ठी चिकटवली की दोन दिवस हात लावू नका. जाताना दारावर हलकेच थाप मारून म्हणाली, "सांभाळ रे बाबा. माझं अख्खं वर्ष तुझ्या पोटात आहे."

दुसऱ्या दिवशी तिचे मार्गदर्शक आले. आजचे विभागप्रमुख ते हेच. तेव्हा ते झाले नव्हते, होण्याच्या खटपटीत होते. दुपारी पाहुणे प्रयोगशाळा बघायला येणार होते आणि सरांची काचेची भांडी ओली होती. त्यांनी ती माझ्या वरच्या कप्प्यात कोंबली आणि बटण एकशे ऐंशीवर नेलं. खाली वाकून पाहिलं नाही. कोपर लागून चिठ्ठी गळून पडली, तीही उचलली नाही. करपल्याचा वास सुटला तेव्हा त्यांनी घाईने भांडी काढली, बटण पुन्हा पासष्टवर आणून ठेवलं आणि निघून गेले.

न पाहता बटण फिरवलं, ती चूक झाली. ते परत जागेवर आणून ठेवलं, त्याला मी चूक म्हणत नाही.

पाचोळाबाईने दार उघडलं तेव्हा पाकिटं काळी पडली होती आणि बोट लावताच पानांचा भुगा होत होता. सर म्हणाले, थर्मोस्टॅट गेलेला दिसतोय, जुनं धूड आहे, तुझं नशीब. मग त्यांनी माझ्या कपाळावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी डकवली, 'थर्मोस्टॅट खराब'. पुन्हा रोपं वाढवायला तिने मुदत मागितली. सर म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा.

शेवटच्या दिवशी ती माझ्यापाशी आली. बटण पासष्टवर लावून तिने भोकात थर्मामीटर सोडला आणि बराच वेळ बघत उभी राहिली. पारा पासष्टवर थांबला तो हलला नाही. तिला कळायचं ते कळलं. पण साध्या पदवीलाही सरांची सही लागणार होती. ती गप्प राहिली आणि साधी पदवी घेऊन गेली.

मी मात्र डूख धरला. बारा वर्षं कोपऱ्यात होतो. डोक्यावर मोडकी स्टुलं, रद्दीचे गठ्ठे. सर जवळून गेले की वाटायचं, एकदा तरी त्यांच्या पायावर कोसळावं. तेवढंही जमलं नाही.

यंदा, आज जिची परीक्षा आहे त्याच विद्यार्थिनीने मला पुसून बाहेर काढलं. प्रत्येक गोष्टीत शंका काढते म्हणून सरांनीच तिचं नाव शंकासूर ठेवलंय. नव्या ओव्हनमध्ये कायम सरांचंच सामान असतं, म्हणून तिने मला वापरू का असं विचारलं. सर म्हणाले, चालतोय ना, मग वापर, चिठ्ठीचं काय एवढं. तरी तिने आधी थर्मामीटर लावून माझी परीक्षा घेतली. मगच पानं ठेवली.

आज परीक्षक बाई आत आल्या आणि मी त्यांना चालीवरून ओळखलं. पाचोळाबाई. दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून शिकून त्या इथवर आल्या होत्या. सरांनीही ओळखलं. ही आमच्याच हाताखाली तयार झालेली, असं ते शंकासूरला कौतुकाने सांगत होते. परीक्षकांनी उपकरणं प्रत्यक्ष पाहायची असतात. बाई थेट माझ्यापाशी आल्या.

"ही चिठ्ठी कोणाची, सर?"

"माझीच. तुमच्याच वेळची आहे," सर हसत म्हणाले.

"म्हणजे हा खराब आहे?"

"मॅडम, मी आधी तपासून..." शंकासूर मध्येच बोलली.

"तुला नाही विचारलं." बाईंनी आवाज चढवला नाही. "सर, हा खराब असेल तर हिची वजनं मला धरता येत नाहीत. प्रबंध बाद, ऑनर्स गेलं. आणि हा चांगला असेल, तर माझी पानं कोणी करपवली ते सांगा."

सरांचं हसू तिथेच राहिलं. "अगं, इतक्या वर्षांनी काय उकरून काढतेस? या पोरीचा काय दोष?"

"माझा काय होता?"

मित्रांनो, मी बारा वर्षं याच प्रश्नाची वाट पाहत होतो. शंकासूर प्रबंध छातीशी धरून उभी होती. मला तिची दया आली. सूड मागे घ्यावा इतकी नाही आली. तुम्हाला एवढंच सांगतो, की एखादं यंत्र बिघडलं असं कोणी म्हटलं, तर ते कोण म्हणतंय आणि आजच का म्हणतंय, हे विचारल्याशिवाय त्याला कोपऱ्यात ढकलू नका.

शंकासूरला बाहेर बसायला सांगितलंय. दाराच्या काचेतून तिचा एक खांदा दिसतो. सर खुर्चीच्या पाठीला धरून उभे आहेत. चांगला की खराब, त्यांनी अजून सांगितलेलं नाही. बाईंच्या पेनाचं टोपण उघडं आहे आणि श्रेणीची जागा कोरी आहे.