चार नंबरच्या खिडकीपर्यंत

एकोणीसशे एक्क्याण्णव साली ह्यांचा श्वास जसजसा कमी होत गेला, तसतसा राज्याच्या भरपाई कार्यालयाचा व्हरांडा लांबत गेला. मार्चमध्ये त्याला सात दारं होती, मे महिन्यात एकोणीस. शिपाई नव्या दारांवर खडूने आकडे घालून जाई.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने छाती गेलेल्या कामगाराने स्वतः चालत जाऊन चार नंबरच्या खिडकीवर दावा द्यायचा, असा तिथला नियम होता. बायकोने नेलेला घेत नसत. शिवाय दर वर्षी मुदत जूनअखेरपर्यंतच. आमच्या चाळीतले साळसकर भावजी कारखान्यात ह्यांच्याच खात्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे कापायचे. तेही सोबत यायचे. दर दोन दारांनंतर आम्ही चटई पसरून बसायचो. तिथे बसून हे आणि मी जेवढं बोललो, तेवढं लग्नानंतर कधी बोललो नव्हतो.

"वहिनी, कामाच्या पहिल्याच पाळीवरून हा घरी आला तेव्हा ओळखलात का?" भावजी विचारायचे.

"छे. म्हटलं, गिरणीतला पीठवाला चुकून आला."

"दारातच उभं करून झटकलंन मला," हे म्हणायचे आणि हसायचे. हसले की धाप लागे आणि पुढे आणखी एक दार येई. मी भावजींना डोळे वटारायची. ते ऐकायचे नाहीत.

जूनच्या शेवटच्या दिवशी आम्ही खिडकीशी पोहोचलो. आत चौबळ नावाचे कारकून होते. त्यांनी छातीचा फोटो पाहिला, सही घेतली.

"धुळीचा पुरावा? कामावरचे कपडे?"

मी तीन शर्ट पुढे केले. सरकारी कार्यालयात द्यायचे म्हणून नीळ घालून, इस्त्री करून आणले होते. चौबळांनी ते उलटेपालटे केले.

"बाई, हे तर स्वच्छ आहेत."

"सव्वीस वर्षं मीच धुतेय."

"मग धूळ गेली कुठे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोकला आला. खिडकीच्या फळीवर मूठभर पांढरी धूळ पडली. चौबळांनी ती पट्टीने गोळा केली, पाकिटात भरली, वर ह्यांचं नाव लिहिलं आणि शिक्का मारला.

दावा मंजूर झाला. पत्र ह्यांनी स्वतः वाचलं, दोनदा. श्रावणात हे गेले. साळसकर भावजींची बायको आधीच वारली होती, म्हणून त्यांच्यासाठीही मीच खोकले. ते गावी गेले आणि पुढची चार वर्षं मला आंब्याची पेटी पाठवत राहिले. चाळीतल्या बाकीच्यांचीही पाकिटं मी भरून दिली. कोणाला नाही म्हणणार? सगळ्यांनी ह्यांच्याबरोबर डबा खाल्लेला. चौबळ निवृत्त होऊन मुलीकडे नाशिकला गेले.

आज मी स्वतःचा दावा घेऊन आले. खिडकीत आता एक तरुण बाई असतात. त्यांनी पाकिटावर माझं नाव लिहिलं आणि ते माझ्या तोंडाशी धरलं.

मी खोकले. काही पडलं नाही.

"सावकाश, आजी," त्या म्हणाल्या. पाकीट त्यांनी अजून धरलेलं आहे.