उरलेल्या एकतीस अळंब्या

लग्नं जुळवताना मुलाकडच्यांना मी एकच गोष्ट विचारते: पोराने आजवर पुरं काय केलंय? काय काय येतं ते आईबाप आपणहून सांगतात, ते विचारावं लागत नाही. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक मुलापुढे दोन रकाने असतात: सुरू केलेलं आणि पुरं केलेलं. बाळकुमच्या प्रितम भोईरच्या पहिल्या रकान्यात सहा गोष्टी होत्या: सिव्हिलचा डिप्लोमा दोन वर्षं, जिम तीन महिने, ढाबा उद्घाटनापर्यंत, आणि अशाच आणखी तीन. दुसरा रकाना कोरा.

दोष त्याच्या एकट्याचा नाही. बाप चांगदेव भोईर यांनी भाताचं शेत बिल्डरला दिलं, शेतात टॉवर उभे राहिले आणि टॉवरांतले अकरा फ्लॅट घरात आले. त्या अकरा फ्लॅटांनी पोराला एकच धडा दिला, की घाई कशाची?

कोपरची कृतिका म्हात्रे म्हणजे अगदी दुसरं टोक. शिक्षण वेळेत, नोकरी पहिल्या मुलाखतीत, गाडीचं लायसन्स पहिल्या फेरीत. शालू तर नवरा ठरायच्या आधीच घेऊन ठेवला होता. समोरचा बोलत असला की ही अर्ध्या वाक्यात म्हणणार, "हं, पुढे." मी तिला सात स्थळं सांगितली. त्यातल्या पाच मुलांची गावं तिने मला सांगूच दिली नाहीत.

दोघांना व्हिडिओ गेमचं वेड, आणि ते दोन्ही घरांनी माझ्यापासून लपवलेलं. ते फुटलं माजिवड्याच्या एका कॅफेत, पहिल्या भेटीला. मी शेजारच्या टेबलावर पाठ करून बसले होते. पाठ त्यांच्याकडे, कानही त्यांच्याकडेच.

"किल्ल्याचा गेम खेळलायस? कितीत संपवलास?" कृतिका.

त्या गेमचं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. मी किल्ल्याचा गेमच म्हणते.

"संपवला नाय अजून," प्रितम म्हणाला.

"किती तास झालेत?"

"सातशे सेहेचाळीस."

तिचा चमचा बशीवर आपटला. "अरे, मेन स्टोरी सव्वीस तासांची आहे! मी गणपतीच्या सुट्टीत उडवलेली."

"मग तू खेळलीसच नाय. नुसती पळालीस."

"आणि तू काय करत होतास सातशे तास?"

"मॅप फिरलो ना. अख्खा. प्रत्येक गावात विहीर आहे, माहितीये? त्यातल्या एका विहिरीत म्हातारा राहतो."

"त्याच्याकडून काय मिळतं?"

"काय नाय. गोष्ट सांगतो."

"मी सगळ्यांची बोलणी स्किप केली."

गेमची कथा मला दोघांनी मिळून सांगितली, म्हणजे प्रितम सांगत होता आणि कृतिका 'पुढे' म्हणत होती. नायकाच्या धाकट्या भावाला राजाने किल्ल्यात कोंडलंय. पहाटे फाशी आहे. भावाची चिठ्ठी येते, दादा, लगेच ये. इथून गेम सुरू होतो. आता माझ्यासारखीला वाटेल की दादा घोड्यावर टांग मारून सुटला असेल. प्रितमने त्या चिठ्ठीनंतर गावाबाहेर घर बांधलं, अंगणात वांगी लावली, दोनशे मासे पकडले आणि निळ्या अळंब्या गोळा करायला घेतल्या. पाचशे निळ्या अळंब्या जमल्या की एक टोपी मिळते.

"आणि भाऊ?" मला राहवलं नाही, मान वळवून विचारलं.

"भाऊ कुठे जातोय, आत्या? किल्ल्यातच आहे. आपण गेल्याशिवाय पहाट होत नाय तिथे."

कृतिका हसली. "नाव काय रे त्या भावाचं?"

"तू गेम संपवलास आणि तुला भावाचं नाव माहीत नाय?"

"म्हटलं ना, स्किप केलं."

एकाला कैद्याचं नाव पाठ, पण त्याला सोडवायला वेळ नाही. दुसरीने कैदी सोडवला, पण तो कोण हे विचारलं नाही. मी वही मिटली. तरी हे दोघे एकमेकांना आवडले. प्रितम तर तिच्या प्रेमात साफ पडला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठेतरी वेळेआधी पोचू लागला. तिच्या ऑफिसखाली अर्धा अर्धा तास उभा राही. आईशी म्हणाला, "हिला नाय बोललीस तर मी लग्नच नाय करणार." आई नीला मला म्हणाली, "आवडाबाई, माझे पोराने पहिल्यांदा कायतरी मागितलाय. जमवा."

कृतिकाने मात्र अट घातली. "सुपारी फुटायच्या आधी मेन स्टोरी संपव. फक्त शेवट राहिलाय तुझा, अर्ध्या तासाचं काम. अर्ध्या तासाचं काम जो दोन वर्षं पुढे ढकलतो, तो माझ्या घरातला गळका नळ कधी दुरुस्त करणार?"

आमच्याकडे दोन्ही घरची मोठी माणसं सुपारी फोडतात तेव्हा लग्न ठरलं. त्याआधी कितीही जेवणं झाली, तरी ती नुसती जेवणं.

तीन आठवडे होते. प्रितमचं म्हणणं असं, की शेवटच्या दारापाशी गेम ताकीद देतो: इथून पुढे गेलात तर परत फिरता येणार नाही. दारातून आत गेलं की गोष्ट संपते, मॅप बंद होतो. त्याच्या चारशे एकोणसत्तर अळंब्या झाल्या होत्या. एकतीस राहिल्या होत्या.

सुपारीच्या रविवारी सकाळी अकराला म्हात्र्यांची चौदा माणसं बाळकुमला आली. पितळी ताटात सुपारी, हळद-कुंकू, अडकित्ता. मागच्या अंगणात मटणाचे टोप. कृतिकाने उंबऱ्यातच विचारलं, "संपवला?"

"दारापर्यंत आणून ठेवलाय. म्हटलं, तुझ्यासमोरच संपवू."

बायका कौतुकाने हसल्या. मी नाही हसले. जो माणूस काम साक्षीदारांसाठी राखून ठेवतो, त्याला बहुतेक वेळा कामापेक्षा साक्षीदारच हवे असतात.

भिंतीवरचा टीव्ही दरवाजाएवढा. त्यावर किल्ल्याचं दार, ताकीद, आणि कोपऱ्यात आकडा: ७५८ तास. प्रितम पहिल्यांदा सेव्ह करायला गेला.

"सेव्ह कशाला?" कृतिका म्हणाली.

"सगळेच करतात गं. पुढे काय झालं तर?"

"पुढे काय होणार? संपणार."

"एक मिनिट."

भिंतीवरच्या घड्याळात ते मिनिट अकरा मिनिटांचं भरलं. त्याने तलवारीला धार लावली, घोड्याला चारा घातला, औषधाच्या बाटल्या मोजल्या, चिलखत बदललं, परत पहिलंच घातलं. कृतिकाचे वडील गणूशेठ टोपांच्या दिशेने बघत होते. तेवढ्यात नीला चहाचा ट्रे घेऊन आली.

"कं झालं रं? थांबलास कशाला?"

"आई, ते विचारतंय, आत जायचं का."

"मग हो बोल. कोनचा बटन 'हो'चा?"

"तो खालचा, काकी," कृतिका म्हणाली.

नीलाने ट्रे टीपॉयवर ठेवला आणि पोराच्या हातातल्या कंट्रोलरवर अंगठा दाबला. दार उघडलं.

आत राजा होता. सातशे अठ्ठावन्न तासांच्या ताकदीपुढे तो एका फटक्यात पडला. गणूशेठ म्हणाले, "एवढंच होतं?" मग तळघराची कडी निघाली आणि भाऊ बाहेर आला. दाढी वाढलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. काहीतरी इंग्रजीत बोलला. कृतिकाने मोठ्यांसाठी सांगितलं, "तो म्हणतोय, दादा, मला वाटलं तू विसरलास."

"अरे देवा, पोराचे अंगावर मांस नाय रायलं," नीलाने पदर डोळ्यांना लावला. आणि कृतिका, जिने हा गेम संपवला होता, ती टीव्हीच्या जवळ सरकून बसली. "असं होतं हे?" ती हळूच म्हणाली. "मी बघितलंच नव्हतं." तिने प्रितमच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या लोकांत.

पडद्यावर नावं वर सरकू लागली. चांगदेव उठले. "चला, झाला एकदाचा. आवडाबाई, ताट आणा." मी अडकित्ता उचलला. खरं सांगते, त्या क्षणी हे लग्न मी दुसऱ्या रकान्यात धरलं होतं.

मागून टिक टिक असा आवाज आला. वळून बघते तर पडद्यावर पुन्हा किल्ल्याचं दार. बंद. बाहेर घोडा चारा खातोय. कोपऱ्यात आकडा ७५८.

"भाऊ कुठं गेला?" नीलाने विचारलं.

"आत आहे," प्रितम म्हणाला. "दाराआधी केलेलं सेव्ह लोड केलं. एकतीस राहिल्यात ना." मग कृतिकाकडे बघून, अगदी निरागसपणे, "संपवला ना मी? तू बघितलास ना?"

कृतिकाचा हात अजून त्याच्या खांद्याच्या उंचीवर होता. तिने तो खाली घेतला.

"सोडवलेल्या माणसाला परत कोंडलंस?"

"अगं, गेम आहे तो!"

"हो ना. गेम आहे. त्यातसुद्धा तुला जमेना."

"कृतिका, अगं ऐक ना. पाच-सहा दिवसांत होतील अळंब्या, मग मी स्वतः..."

"हं, पुढे," ती म्हणाली, आणि चपला घालायला लागली.

नीला पोराकडे बघत उभी होती. "काढ त्याला बाहेर," ती दोनदा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता बाहेर काढ त्याला." तिला वाटत होतं, भाऊ सुटला तर पोरगी थांबेल. प्रितमने बटण शोधलंसुद्धा. ताकीद आली. तो ती वाचत बसला. म्हात्र्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या तरी त्याचं वाचून झालं नव्हतं.

कृतिकाचं चाळीस दिवसांत कल्याणच्या मुलाशी लग्न झालं. त्याची मी तीन वैगुण्यं सांगणार होते. दुसऱ्यालाच ती "पुढे" म्हणाली. तिचं ती निस्तरेल.

परवा प्रितम माझ्या घरी आला. बारीक झालाय, ते लपत नाही. मोबाइलवर फोटो दाखवला: हिरवी टोपी. "पाचशे झाल्या, आत्या."

"आणि भाऊ?"

"जाणार आहे. पण नवीन अपडेट आलंय. दक्षिणेला बेट जोडलंय." मग मोबाइल खिशात घालत, "कृतिका सुखात आहे ना?"

त्या दिवशीची सुपारी मी ताटातून उचलून घरी आणली होती. निदान एवढं तरी पुरं होऊ दे म्हणून ती त्याच्यासमोरच अडकित्त्यात धरून फोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली. तो ती कितीतरी वेळ मुठीत धरून बसला. गेल्यावर बघितलं, तर न खाता टेबलावर तशीच ठेवून गेला होता.