चाळीस जोड्या

वाळूज एमआयडीसीत नानासाहेब औताडेंचं वर्कशॉप होतं. त्याच्या मागच्या अंगाला एक खोली होती, तिला सगळे रेसची खोली म्हणत. पुढच्या शेडमध्ये रिक्षाचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग हजारांनी निघायचे. या खोलीत दोन लहान मशिनी, एक लाकडी बाकडं आणि फकिरामामा. महिन्याकाठी साठ-सत्तर जोड्या तयार व्हायच्या आणि युरोपातल्या एका मोटरसायकल कारखान्याकडे जायच्या. त्या कारखान्याच्या गाड्या ग्रांप्रीच्या शर्यतीत धावायच्या.

जोडी म्हणजे करंगळीएवढी पोलादी कांडी आणि ती जिच्यात सरकते ती नळी. शर्यतीची गाडी वळणातून बाहेर पडली की मागून खाली बसते, म्हणजे कितीही जोर लावला तरी पुढचं चाक उचलत नाही. तिला बसवणाऱ्या यंत्रणेतलं तेल ही कांडी सोडते आणि अडवते. कांडी आणि नळी यांच्यामध्ये फट दोन मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढी.

तिथवर मशीन पोचत नव्हतं. शेवटचा हात मामांचा. कांडीला बारीक पेस्ट लावायची, तिच्याच नळीत फिरवायची, पुसायची, पुन्हा फिरवायची. नळी उभी धरल्यावर कांडी आपल्या वजनानं सावकाश खाली उतरली पाहिजे. पडली तर वाया, अडली तरी वाया. मामा डोळे मिटून बसायचे आणि ते उतरणं बोटांनी ऐकायचे.

त्यांचं लहानपण मेंढरांमागे गेलेलं. कळपात एकाच वेळी बऱ्याच मेंढ्या व्याल्या की कोकरं मिसळतात, म्हणून त्यांच्या घरी मेंढीच्या पायात आणि तिच्या कोकराच्या गळ्यात एकाच रंगाचा, एकाच गाठीचा लोकरीचा धागा बांधत. मामा जोड्यांनाही तसाच धागा बांधायचे. नंबर टाकू द्यायचे नाहीत.

"लेसरनं बारीक नंबर टाकू, मामा. दिसणारसुद्धा नाही," सुगंधानं नोकरीला लागल्या लागल्या सुचवलं होतं. ती बीएस्सी फिजिक्स, गुणवत्ता तपासणीला. मामांच्याच समाजातली, म्हणून त्यांना मामा म्हणायची.

"आकडा टाकला का मानूस आकडाच बघतो. जित्राब बघत नाय," मामा म्हणाले. "तुझ्या यंतराला लागतो आकडा. मला नाय लागत."

चार वर्षांत एकही जोडी परत आली नाही, तेव्हा तिनं विषय सोडून दिला.

रविवारी शर्यत असली की नानासाहेब ऑफिसातला टीव्ही लावायचे. कोण पुढे, कोण मागे, याच्याशी मामांना घेणंदेणं नव्हतं. त्यांची नजर आपल्या कारखान्याच्या गाडीच्या मागच्या चाकावर. "बसली बघ! उंटावानी बसली!" एवढं म्हणून ते चहाकडे वळायचे.

२०२४च्या मे महिन्यात नवे नियम जाहीर झाले. २०२७पासून इंजिन हजारऐवजी साडेआठशे सीसीचं, आणि गाडी खाली बसवणारी यंत्रणा पूर्ण बंद. नानासाहेबांनी मोबाइलवर वाचून दाखवलं.

"का म्हनून बंद?" मामांनी विचारलं.

"वेग फार वाढलाय म्हणतात. पोरं पडली तर वाचायची नाहीत."

"म्हंजी आपलं काम लई चांगलं झालं म्हनून बंद," मामा म्हणाले. कुणी हसलं नाही, तेव्हा तेच हसले.

नानासाहेबांनी हात-पाय हलवायला कसूर केली नाही. सहा-सात महिने त्यांची पत्रं चालली होती. कारखान्याच्या नव्या इंजिनात तेलाचा दाब सांभाळणारा एक व्हॉल्व्ह होता, त्यातही अशीच कांडी, अशीच नळी. चाळीस जोड्या नमुन्याला पाठवा, गरम तेलात चालवून बघतो, असं तिकडून आलं.

"पास झालं तर खोली राहील," नानासाहेब सुगंधाला म्हणाले. "नाही झालं तर मशिनी विकायच्या. फकिराला मग शेडमध्ये, कडा घासायला बसवावं लागेल. दुसरं काय देणार मी त्याला?"

शेडमध्ये कापलेल्या भागांच्या धारदार कडा कानशीनं घासायचं काम नवशिक्यांना देत. मामा एकोणसाठ वर्षांचे होते. त्यांनाही हे सांगितलेलं होतं. त्यांनी त्या चाळीस जोड्यांना अडीच महिने घेतले.

माल जायचा त्याच दिवशी सोयगावला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी धागे बांधलेल्या जोड्या डब्यात मांडून त्यांनी डबा सुगंधापुढे ठेवला. "घे. कोकरं आयांपाशी हायेत. आता फकस्त पेटी बंद करायची."

सकाळी तिनं पॅकिंगचा कागद नीट वाचला. हा नवा होता, इंजिन विभागाचा. मालात कसलाही तंतू चालणार नाही. सगळे भाग धुवायच्या यंत्रात धुऊन, कांड्या आणि नळ्या वेगवेगळ्या ट्रेमध्ये, क्रमानं. कागद चार दिवस तिच्या टेबलावर पडून होता, आणि मागच्यासारखाच असेल असं धरून ती चालली होती.

तिनं धागे कापले. एकेक जोडी सोडवून कांडी एका घरं पाडलेल्या जाळीत, नळी दुसऱ्या जाळीत, आठ गुणिले पाच, त्याच जागी. कुठल्या घरात कुठली गाठ होती तेही कागदावर काढून ठेवलं. दोन्ही जाळ्या धुतल्या. कांड्यांची जाळी बाहेर काढून टेबलावर ठेवतच होती, तेवढ्यात लाइट गेली. नानासाहेब दारातून ओरडले, "सुगंधाताई, कुरिअरवाला चारला येतोय!" ती जनरेटर लावायला सांगून परत आली आणि जाळीपुढे उभी राहिली.

जाळीची दोन्ही टोकं सारखीच होती. धुताना जे टोक खिडकीकडे होतं तेच आताही खिडकीकडे आहे का, हे तिला सांगता येईना.

असेल किंवा नसेल. नसेल तर पहिली कांडी चाळिसाव्या नळीत, दुसरी एकोणचाळिसाव्या, चाळीसही जोड्या मोडल्या. तिनं सगळ्या कांड्या मोजल्या, सगळ्या नळ्या मोजल्या. व्यास एकूणएक मर्यादेत. कुठलीही कांडी कुठल्याही नळीत सरळ उतरत होती. पण नुसता व्यास म्हणजे आकार नव्हे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मामा एकमेकांवर घासून त्यांचे बारीक उंचवटे जुळवत, ते तिच्या गेजला दिसत नव्हते.

तिनं मामांना फोन लावला.

"हॅलो! कोन?"

"मामा, सुगंधा. जाळी फिरली की काय अशी शंका—"

"ऐकू येत नाय गं! बँड लागलाय! माल गेला का?"

"जातोय, पण—"

"गेला? बेस झालं! जेवून घे तू!"

साडेतीन वाजले होते. मामा फार लवकर निघाले तरी रात्रीच पोचले असते. त्या दिवशी माल गेला नसता तर चाचणीची पाळी हुकली असती. तिनं पेटी बंद केली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. एकशेवीस अंशाच्या तेलात चाळीसपैकी अकरा जोड्या अडकल्या. नमुना नापास.

नानासाहेबांनी ते वाचलं तेव्हा मामांनी वाद घातला नाही. दोन्ही हातांची बोटं उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "व्हय. वय झालं."

सुगंधा तेव्हाच बोलायला हवी होती. पण तिला खात्री नव्हती, आणि खात्रीशिवाय बोलायची तिला सवय नव्हती. जाळी फिरलीच नसेल आणि खरंच मामांची बोटं चुकली असतील, तर? मग आपलं बोलणं म्हणजे खोटं सांत्वन. ते नको. तिनं तिकडच्या इंजिनिअरला लिहिलं: कांड्यांचा ट्रे उलटा फिरवून त्याच जोड्या पुन्हा चालवून बघाल का? त्यानं लिहिलं, कल्पना चांगली आहे, पुढच्या महिन्यात बघतो. पुढच्या महिन्यात त्यानं लिहिलं, टेस्ट बेंच रिकामा नाही. ती वाट बघत राहिली. पुरावा हातात आला की मामांसमोर ठेवायचा, असं तिनं ठरवलं होतं.

दरम्यान खोलीतलं काम उतरत गेलं. २०२६च्या हंगामापर्यंत जुन्या जोड्या लागणारच होत्या, पण पूर्वी मामा दिवसाला तीन जोड्या उरकायचे, आता एकीवरच बसायचे. उतरवून बघायचे, पुसायचे, पुन्हा उतरवायचे. चांगली झालेली जोडी पुन्हा घासून दोनदा त्यांनी वाया घालवली.

पॅकिंगच्या चतुराबाई एकदा म्हणाल्या, "मामा, त्या कांडीला आता झोप लागंल. किती जोजवता?"

पूर्वी मामांनी याच्यावर दोन तरी शब्द ऐकवले असते. ते म्हणाले, "मलाच कळंना झालंय, बाई."

ऑगस्टमध्ये कारखान्यानं जाहीर केलं: शर्यतीच्या आयोजकांबरोबर नव्या नियमांच्या पाच वर्षांच्या करारावर आम्ही सही करणार नाही. साडेआठशेचं इंजिन थांबवत आहोत. पुढचा हंगाम शेवटचा, आणि तोही साठ्यातल्या मालावर. इंजिनिअरचं शेवटचं पत्र चार ओळींचं होतं. विभाग बंद झाला, नमुने भंगारात गेले, त्यालाही दुसरीकडे नोकरी शोधायची होती, आणि चाचणी राहून गेली याबद्दल त्यानं माफी मागितली होती.

आता खात्री कधीच होणार नव्हती. त्या दुपारी सुगंधा गाठींचा कागद घेऊन खोलीत गेली आणि मामांना सगळं सांगितलं. धागे, जाळी, गेलेली लाइट, फोन.

"तुमची बोटं चुकली नाहीत, मामा. मी चुकले."

"तीन महिने झाले त्याला," मामा म्हणाले. "तवा का नाय बोललीस?"

"खात्री करत होते."

"आन आता झाली?"

तिला हो म्हणता आलं नाही.

मामा हसले. मायेनंच. "कारखाना बंद पडला, आता म्हाताऱ्याला निदान बरं वाटू दे, असं आलं तुझ्या मनात. लई गुनाची पोर हायेस तू."

"मामा, बरं वाटावं म्हणून नाही सांगत. हा कागद बघा, त्याच दिवशीचा आहे."

"कागद काय, कवा बी काढता येतो, पोरी."

बाकड्यावर सकाळची जोडी पडली होती. तिनं ती उचलून त्यांच्या हातात दिली. "ही बघा उतरवून. सांगा कशी आहे."

मामांनी नळी उभी धरली, डोळे मिटले. कांडी सावकाश उतरली आणि तळाशी टेकली. त्यांनी पुन्हा उतरवली. तिसऱ्यांदाही.

"काय बी सांगता येत नाय," ते म्हणाले.

सुगंधानं जोडी नेली, वीस अंशाच्या खोलीत थंड होऊ दिली, चार जागी मोजली आणि जवळजवळ धावत परत आली. "दोन मायक्रॉन, मामा! चारी जागी दोन. जशी पूर्वी यायची तशीच आहे."

"व्हय, यंतर सांगतंय," मामा म्हणाले. "चाळीसच्या टायमाला बी त्यानं बरं हाय असंच सांगितलं व्हतं ना?"

त्यांनी तिच्या हातातली जोडी घेतली, पुसली आणि डब्यात ठेवली. मग पेस्टच्या बाटलीचं झाकण लावू लागले. ते आट्यात नीट बसेना, म्हणून त्यांनी बाटली तिच्यापुढे केली.

सोमवारपासून ते शेडमध्ये बसायला लागले. तिथं धार लागते म्हणून जाड हातमोजे घालायचा नियम होता. त्यांनी ते निमूट घातले, आणि जेवायच्या सुट्टीतही बराच वेळ काढले नाहीत.